खेळता खेळता व्यायाम

संधिवात म्हटला की मला आजीचे गुडघे आठवतात. पण मित्रांनो, तो लहान मुलांनाही होतो. सांधे सुजतात, सकाळी आखडतात. दुखते म्हणून मूल हलत नाही, आणि हलले नाही की सांधा जास्तच आखडतो. म्हणून औषधाबरोबर व्यायाम हवाच. पण रोज तोच व्यायाम म्हणजे कंटाळाच की!

२००६ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘वी’ हा व्हिडिओ गेम काढला. हातातली कांडी फिरवली की पडद्यावरचा खेळाडू टेनिसची रॅकेट फिरवतो. खेळाच्या नादात मनगट, कोपर, खांदा सगळे हलते. म्हणून व्यायामोपचार करणारे असे खेळ वापरू लागले. कोणता खेळ, किती वेळ, हे मात्र तेच ठरवतात. नुसते बसून बटणे दाबून भागत नाही.

पालकहो, मूल रोज सकाळी लंगडत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, ही माझी विनंती.