जुन्या मोटारीचे नवे भाग

मूळच्या इटालियन फियाटवरून कुर्ल्यास घडलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ २००१ सालीं निघेनाशी झाली आणि मुंबईंतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. परंतु भोकरदन तालुक्यांतील केदारखेड्यासारख्या गावीं कोणी अशी गाडी जपून ठेविली असेल, तर तिला सुटे भाग कोठून मिळावयाचे? बाजारांत मिळतात त्या बहुधा नकला.

नक्कल फसते कां? मूळ नकाशा हातीं नसला म्हणजे कारागीर जुना भागच नमुना म्हणून घेतो. त्याची झीजही मग नव्या भागांत उतरते. शिवाय आकार डोळ्यांना दिसतो, पोलादाला दिलेलें पाणी दिसत नाहीं. रबराचेंही तसेंच. ब्रेकच्या सिलिंडरांतील रबरी वाटी ब्रेक-तेलास टिकणारी नसेल, तर ती फुगते. मग ब्रेक अडकतो, किंवा दाब निसटून पॅडल तळाला जातें.

दाराची मूठ तकलादू निघाली तर केवळ मनस्ताप. ब्रेकच्या बाबतींत प्राणावर बेततें. म्हणून काटकसर करावयाचीच तर ती शोभेच्या भागांत करावी. जुना भाग टाकण्यापूर्वीं, जेथें झीज पोंचत नाहीं तेथें त्याचें माप घेऊन नवा ताडून पाहावा, आणि ब्रेकची पहिली परीक्षा मोकळ्या जागीं, सावकाश घ्यावी.