चक्रव्यूहातील यंत्रमूषक

करकंबच्या शिवारात उसाला दारे धरणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बांध आडवा आला की पाणी थांबते, वळते आणि उताराची दुसरी वाट धरते. स्वतःचा मार्ग स्वतःच शोधणाऱ्या चिमुकल्या यंत्रमानवांच्या ‘मायक्रोमाऊस’ स्पर्धेतील एक प्रसिद्ध रीत याच निरीक्षणाशी नाते सांगते.

ही स्पर्धा अमेरिकेत १९७७ साली जाहीर झाली व तिची अंतिम फेरी १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. तेथे चक्रव्यूहातून बाहेर पडण्याचे दार कडेला होते. त्यामुळे केवळ भिंत धरून वेगाने धावणारी यंत्रेही सरस ठरत. पुढच्या वर्षी युरोपात जॉन बिलिंग्जली यांनी लक्ष्य मध्यभागी आणले आणि विचार करणे अपरिहार्य झाले.

प्रचलित चक्रव्यूहात १६ × १६ चौकोन असतात. प्रत्येक चौकोन १८ सेंटीमीटरचा, भिंती ५ सेंटीमीटर उंच. एकदा सोडलेल्या यंत्राला बाहेरून कोणतीही आज्ञा देता येत नाही. अवरक्त किरणांचे संवेदक भिंत ओळखतात, चाकांवरील मोजणी अंतर सांगते. मध्यास शून्य, शेजारच्या चौकोनास एक, त्यापलीकडे दोन असे आकडे यंत्राच्या स्मृतीत असतात. ते लहान आकड्याकडे सरकत राहते. नवी भिंत दिसली की आकडे पुन्हा मांडते. पाण्याने नवा उतार शोधावा तसेच हे. पहिली फेरी शोधाची, नंतरची वेगाची.

नवशिके विद्यार्थी बहुधा आधी वेगवान मोटारींवर खर्च करतात. वास्तविक एका चौकोनात तीन मिलीमीटरची चूक दहा चौकोनांत तीन सेंटीमीटर होते आणि यंत्र भिंतीला घासू लागते. म्हणून प्रथम एक चौकोन अचूक सरळ जाणे, मग काटकोनात वळणे, त्यानंतर मार्गशोध हा क्रम हितावह. यंत्र हलके असावे, बॅटरी खाली व मध्यावर बसवावी. सरावाचा चक्रव्यूह पुठ्ठ्याचाही चालतो.

मुंबईच्या आयआयटीतील ‘ई-यंत्र’ प्रकल्प २०१२ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रोबोटिक्स स्पर्धा घेत आला आहे. गावातील मुलांनी या वाटेला जावे की नाही, हे पुष्कळदा घरातच ठरते. मुलाचे यंत्र दहाव्यांदा भिंतीवर आदळले, तर पालकांनी ‘वेळ वाया गेला’ असे म्हणू नये. कोठे आदळले, हे वहीत लिहून ठेवण्यास सांगावे. पुढची दुरुस्ती त्या नोंदीतूनच सापडते.