पहिल्या पावलांना बूट कशाला?

मीरा रोड-भाईंदरच्या बाजारात वर्षाच्या बाळासाठी बूट मागितला, की घोट्यापर्यंत येणारा, जाड सोलचा, पीं-पीं वाजणारा जोड हमखास पुढे येतो. नवख्या पायाला आधार हवा, ही त्यामागची समजूत. पण चालायला शिकणारं मूल पायाने जमीन चाचपत असतं. बोटं फाकतात, फरशी धरू पाहतात, तळव्याला जे जाणवतं त्यावर तोल सावरला जातो. न्यूयॉर्कच्या संशोधक कॅरन अडॉल्फ यांच्या २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळता खेळता तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. हा सगळा सराव जाड रबरावरून का करायला लावायचा? घरात पाय उघडेच बरे. गुळगुळीत टाइल्सवर नुसते मोजेही नकोत, ते घसरतात.

‘अनवाणी फिरला तर पाय सपाट होतील’ ही भीती घरोघरी ऐकू येते. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. सपाट तळवे पादत्राणं वापरणाऱ्यांत ८.६ टक्के होते, अनवाणी मुलांत २.८ टक्के. यावरून बुटानेच पाय सपाट होतात असं सिद्ध होत नाही. दोन्ही गटांचं राहणीमान वेगळं असू शकतं, शिवाय ही मुलं तान्ही नव्हती. तरी बंद बूट वापरणाऱ्यांत प्रमाण सर्वाधिक आणि चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी होतं, हा उतरता क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुडदुडत्या मुलाचा तळवा तर चरबीच्या गादीमुळे सपाट दिसतोच. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू उमटते. त्यासाठी महागडे ‘करेक्टिव्ह’ बूट घेणाऱ्या पालकांनी वेंगर या संशोधकाचा १९८९ चा प्रयोग लक्षात घ्यावा: तीन वर्षं असे बूट घालूनही लवचीक सपाट पायांत उपचाराविना राहिलेल्या मुलांपेक्षा वेगळी सुधारणा झाली नाही. पाय दुखत असेल, ताठर असेल किंवा मूल लंगडत असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच जावं.

घाणीचा आक्षेप मात्र रास्त आहे. उखडलेले पेव्हर ब्लॉक, काचा, दुपारी तापलेला रस्ता, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, आणि ओल्या दूषित मातीतून कातडीवाटे शिरणारे अंकुशकृमी. बाहेर पादत्राण हवंच. पण ते पायाच्या रक्षणासाठी, चालणं शिकवण्यासाठी नव्हे. दुकानात बूट हातात घेऊन पुढच्या भागात वाकवून पाहावा. सहज वाकला नाही तर परत ठेवावा. सोल पातळ पण न घसरणारा, पुढचा भाग रुंद, वजन हलकं, वर वेल्क्रो. मूल उभं असताना अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. त्याहून मोठा ‘वाढत्या अंगाचा’ बूट घेतला, तर तो पायातून सुटतो आणि मूल अडखळतं.