स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला 'जिल्हा' नव्हे!



माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील कंपनीच्या कामासाठी सहकुटुंब अमेरिकेला, शिकागोजवळच्या नेपरविलला निघाले होते. त्यांनी विचारलं, "बाई, घर तर बघून ठेवलंय. आता त्या जिल्ह्यातली चांगली सरकारी शाळा सांगा." मी माहिती काढायला बसले, तेव्हा कळलं की घर ठरलं म्हणजे शाळाही जवळजवळ ठरलीच!

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांची उतरंड सगळ्यांना पाठ आहे. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक. तिथे तसं नाही. नेपरविलचा बराच भाग इलिनॉय राज्यातल्या ड्युपेज काउंटीत येतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण शाळा काउंटी चालवत नाही, स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतात, आणि एकाच काउंटीत असे अनेक डिस्ट्रिक्ट असतात. प्रत्येकाची हद्द, क्रमांक आणि अंदाजपत्रक वेगळं. कारभार लोकांनी निवडून दिलेल्या 7 जणांच्या मंडळाकडे. या सदस्यांना पगार नसतो. ते सुपरिंटेंडंट नेमतात आणि तो रोजचं काम बघतो.

इलिनॉयमध्ये डिस्ट्रिक्टचे मुख्य तीन प्रकार आहेत:

1. प्राथमिक डिस्ट्रिक्ट – बालवर्ग ते आठवी.
2. हायस्कूल डिस्ट्रिक्ट – नववी ते बारावी.
3. युनिट डिस्ट्रिक्ट – बालवर्ग ते बारावी, सगळं एकत्र.

उदाहरण बघा. याच काउंटीतल्या ग्लेन एलिन गावात मूल आठवीपर्यंत डिस्ट्रिक्ट 41 किंवा 89 मध्ये शिकतं. नववीला ते ग्लेनबार्ड हायस्कूल डिस्ट्रिक्ट 87 मध्ये जातं. म्हणजे मंडळ बदललं, सुपरिंटेंडंट बदलला. नेपरविलमध्ये मात्र युनिट डिस्ट्रिक्ट आहेत, तेही दोन: 203 आणि 204. गाव एक, पण पत्त्यानुसार डिस्ट्रिक्ट वेगळा. 204 ची हद्द तर शेजारच्या विल काउंटीतही जाते. डिस्ट्रिक्टमधली नेमकी शाळासुद्धा बहुधा पत्त्यावरूनच ठरते.

आता पैशाचं. या उपनगरांत शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून चालतो. ग्लेन एलिनमधल्या घरमालकाच्या बिलात प्राथमिक आणि हायस्कूल डिस्ट्रिक्टचा कर वेगवेगळा दाखवलेला असतो. साहजिकच जिथे घरं महाग, तिथे शाळेला पैसा उभा करणं सोपं. ही दरी कमी व्हावी म्हणून 2017 साली इलिनॉयने कायदा केला. त्यानुसार राज्याचा वाढीव निधी आधी गरजू डिस्ट्रिक्टना मिळतो.

ही रचना अमेरिकेत सगळीकडे अशीच आहे असं समजू नका. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीत संपूर्ण काउंटीला एकच शाळा-व्यवस्था आहे.

म्हणून तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे निघालं असेल, तर भाडेकरारावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगा: हा पत्ता कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो? तिथली नेमकी शाळा कोणती? नववीला डिस्ट्रिक्ट बदलणार का? उत्तर घरदलालाकडून नको, थेट डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून घ्या. प्रवेशाच्या वेळी राहत्या पत्त्याचा पुरावाही लागतो.

आणखी एक. नागरिकत्व नसलेल्या पालकांना मंडळाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, पण मंडळाच्या सभा खुल्या असतात आणि तिथे बोलता येतं. आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत तर 75 टक्के सदस्य पालकच असतात. मग पुढच्या सभेला येताय ना?