डॉक्टर व्हावे की डॉक्टर-संशोधक?
अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी

मुलगी डॉक्टर होणार, एवढे शब्द कानी पडले की आपल्याकडे आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचा ऊर भरून येतो. जी आपली कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांच्या घरीही हेच घडते. परंतु तेथे काही हुशार मुलांच्या हाती एकाच वेळी दोन पत्रे पडतात. पहिले पत्र सांगते, चार वर्षांत डॉक्टर व्हा; फी तुमची तुम्ही भरा. दुसरे सांगते, सात-आठ वर्षे आमच्याकडे राहा. फी माफ, वर विद्यावेतन, आणि जाताना डॉक्टरकीबरोबर पीएच.डी.ही घेऊन जा.

वडील म्हणतात, फुकट शिक्षण मिळते आहे, मग विचार कसला? आई म्हणते, आठ वर्षे शिकत बसली तर संसार केव्हा मांडणार? आमच्या मते दोघांच्याही काळजीत तथ्य आहे, पण दोघांनीही घाई करू नये. म्हणून या निवडीची सर्व बाजूंनी माहिती येथे देत आहोत.

नावाचा घोटाळा

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.डी. करतात. अमेरिकेत मात्र कॉलेजची चार वर्षांची पदवी घेतल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि तेथील चार वर्षांनंतर मिळणारी पहिली पदवी म्हणजेच एम.डी. त्यानंतर निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. सामान्य औषधोपचाराच्या शाखेत तीन वर्षे, शस्त्रक्रियेत पाच, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेत सात वर्षे.

दुसऱ्या मार्गाला एम.डी.-पीएच.डी. म्हणतात. यात बहुधा पहिली दोन वर्षे वैद्यकशास्त्राचा अभ्यास, मग तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळेत संशोधन व प्रबंध, आणि शेवटी पुन्हा रुग्णालयात दीड-दोन वर्षे असा क्रम असतो. निवासी डॉक्टरची वर्षे त्यानंतर वेगळी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ साली अल्बर्ट आइन्स्टाइन, न्यूयॉर्क विद्यापीठ व नॉर्थवेस्टर्न या तीन ठिकाणी अशा शिक्षणाला सरकारी अनुदान देण्यास सुरुवात केली. आज असे अनुदान मिळणारे अभ्यासक्रम पन्नासहून अधिक आहेत. रुग्ण तपासणाऱ्याला प्रयोगशाळा कळत नाही आणि प्रयोगशाळेतल्याला रुग्ण दिसत नाही. या दोघांमध्ये दुवा ठरणारी माणसे तयार व्हावीत, हा हेतू. १९७९ साली जेम्स विनगार्डन यांनी, रुग्णांत राहून संशोधन करणारा डॉक्टर ही जमात नामशेष होत चालली आहे, असा इशारा दिला होता. आजही तेथे दरवर्षी वैद्यकीय प्रवेश घेणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्के विद्यार्थी या दुहेरी मार्गाने जातात.

पैशाचा हिशेब

आता फुकटच्या शिक्षणाकडे वळू. कर्ज काढून एम.डी. होणाऱ्याच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारणपणे दोन लाख डॉलर्सचे कर्ज असते. दुहेरी मार्गाच्या विद्यार्थ्याला फी नाही, शिवाय शहरानुसार वर्षाला ४० हजार डॉलर्सच्या आसपास विद्यावेतन मिळते. वरवर पाहता दुसरे पत्र सोन्याचे वाटते.

परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसा. दुहेरी मार्गाचा विद्यार्थी सुमारे चार वर्षे उशिरा पूर्ण पगाराचा डॉक्टर होतो. वर्षाचा पगार अडीच लाख डॉलर्स धरला तरी चार वर्षांचे दहा लाख होतात. त्या वर्षांतले विद्यावेतन व वाचलेले कर्ज वजा केले तरी तोटा मोठाच राहतो. पुढे विद्यापीठात संशोधन करणाऱ्या डॉक्टरचा पगारही खाजगी व्यवसायापेक्षा बहुधा कमीच असतो. तेव्हा केवळ कर्ज टळावे म्हणून हा मार्ग धरणे हा तोट्याचा सौदा आहे.

एम.डी.च्या फीचे चित्रही बदलते आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ साली वैद्यकीय फी माफ केली. २०२४ साली रूथ गॉट्समन यांनी दिलेल्या शंभर कोटी डॉलर्सच्या देणगीमुळे अल्बर्ट आइन्स्टाइनमध्येही फी माफ झाली. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सने ज्या कुटुंबांचे उत्पन्न तीन लाख डॉलर्सच्या आत आहे त्यांच्या मुलांची फी माफ केली. उलट बाजूने, २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार व एकूण दोन लाख डॉलर्सपर्यंतच अशी मर्यादा घातली. वरची रक्कम खाजगी कर्जातून उभी करावी लागेल. ज्या घरात मोठ्या मुलीच्या मागे आणखी दोघे शिकायचे आहेत, त्या घराने हा आकडा आधी पाहावा.

पीएच.डी.शिवाय संशोधन होते काय?

होते. २०१९ साली पेशींना प्राणवायू कमी-जास्त झाल्याचे कसे उमगते, या शोधाबद्दल वैद्यकाचे नोबेल तिघांना मिळाले. त्यांपैकी ग्रेग सेमेन्झा एम.डी.-पीएच.डी., तर विल्यम केलिन केवळ एम.डी. दोघेही एकाच शिखरावर निरनिराळ्या वाटांनी पोहोचले. त्यापूर्वी १९८५ साली कोलेस्टेरॉलवरील संशोधनाबद्दल नोबेल मिळवणारे ब्राऊन व गोल्डस्टीन हेही केवळ एम.डी. होते. या मंडळींनी डॉक्टर झाल्यावर चांगल्या प्रयोगशाळेत काही वर्षे घालवून संशोधन आत्मसात केले.

दुसरीकडे ड्रू वाइसमन यांचे उदाहरण घ्या. ते बोस्टन विद्यापीठाचे एम.डी.-पीएच.डी. त्यांनी व जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांनी मिळून केलेल्या कामावर कोविडच्या एम-आर.एन.ए. लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले.

आणि आपल्या मातीतले उदाहरण कसे विसरावे? डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडसारख्या ठिकाणी राहून, कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेशिवाय, विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे टिपली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर कसे उपयोगी पडते हे दाखवले आणि ते लॅन्सेटसारख्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यामुळे कोकणातली कितीतरी मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा पीएच.डी. हा संशोधनाचा परवाना नव्हे. प्रश्न नीट मांडणे, प्रयोग रचणे, शंभरदा फसल्यावर एकशे एकाव्यांदा उभे राहणे, याची ती शिस्तशीर तालीम आहे. ज्याला ही तालीम लवकर आणि पूर्ण हवी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. शिवाय आधी डॉक्टर होऊन मागाहून संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य संस्थेची कर्जफेडीची योजना आहे. पात्र ठरल्यास वर्षाला ५० हजार डॉलर्सपर्यंत कर्ज संस्था फेडते. म्हणजे पहिले पत्र स्वीकारले तर संशोधनाचे दार कायमचे बंद झाले, असे नाही.

वय आणि संसार

बाविसाव्या वर्षी दुहेरी मार्गावर पाऊल ठेवणारी मुलगी तिशीला पदव्या घेते. निवासी डॉक्टर व पुढील विशेष शिक्षण धरले की पस्तिशी येते. स्वतःचे पहिले मोठे संशोधन अनुदान मिळेपर्यंत अनेकांची चाळिशी उलटते. तिच्याबरोबरच्या मैत्रिणी तोवर कधीच स्थिरावलेल्या असतात.

म्हणून मुलीला दुसरे पत्र नाकारायला लावावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलाच्या बाबतीत आठ वर्षे ही तपश्चर्या आणि मुलीच्या बाबतीत उशीर, असे दोन मापांनी मोजणे आपण सोडले पाहिजे. कित्येकजणी याच वर्षांत लग्नही करतात, आईही होतात. फक्त बाळंतपणाची रजा, आरोग्य विमा व पाळणाघर यांची सोय काय आहे, हे आधी विचारून घ्यावे.

काय विचारावे?

निवड केवळ नावाजलेल्या विद्यापीठाच्या पाटीवरून करू नये. प्रत्यक्ष भेटीला जावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात. ज्या विषयाची ओढ आहे त्यात एकच मार्गदर्शक आहे की तीन-चार? (एकच असला आणि तो सोडून गेला तर?) विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती वर्षे लागतात? मार्गदर्शकाचे अनुदान बंद पडले तर विद्यावेतनाची हमी कोणाची? २०२५ साली अमेरिकेत अनेक संशोधन अनुदाने थांबवली गेली व काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले, तेव्हा हा प्रश्न संकोच न करता विचारावा. मध्येच पीएच.डी. सोडली तर पुढची फी किती व मागची परत द्यावी लागते काय? ही उत्तरे लेखी घ्यावीत.

मुदतही ध्यानात असू द्यावी. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या नियमानुसार विद्यार्थ्याने १५ एप्रिलपर्यंत फार तर तीन व ३० एप्रिलपर्यंत एकच प्रवेश हाती ठेवायचा असतो. नको असलेली जागा लवकर सोडली तर प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला ती मिळते.

येथे महाराष्ट्रात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. सरकारी अनुदानाच्या या जागा अमेरिकेचे नागरिक व तेथे कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांसाठी असतात. काही विद्यापीठे स्वतःच्या पैशातून परदेशी विद्यार्थी घेतात, परंतु अशा जागा फार थोड्या. एम.बी.बी.एस. झालेल्यांनी तेथील परवाना परीक्षा देऊन निवासी डॉक्टर होणे किंवा थेट पीएच.डी.ला अर्ज करणे हे मार्ग अधिक व्यवहार्य आहेत.

शेवटी पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलाला समोर बसवून विचारा : कर्ज नसते आणि दोन्हींना सारखीच वर्षे लागली असती, तर तू काय निवडले असतेस? रुग्ण तपासण्यातच त्याचे मन रमत असेल तर पहिले पत्र घ्यावे आणि त्यात कमीपणा मानू नये. प्रयोग फसल्यावरही तो दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जायला उत्सुक असेल, तर दुसरे पत्र त्याचेच आहे. मग आठ वर्षे त्याच्या पाठीशी उभे राहा, आणि अजून शिक्षण संपले नाही का, असे दर दिवाळीला विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या.