अब्बांच्या दोन वह्या

इंदापुरात पुणे-सोलापूर रस्त्याजवळच्या एका जुन्या गाळ्यात आमचे अब्बा 1976 पासून दातांचा दवाखाना चालवीत होते. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांचा इन्तिकाल झाला. चाळिसावा झाल्यावर आम्ही तिन्ही भावंडे दवाखाना आवरायला बसलो, तेव्हा कपाटात दोन वह्या सापडल्या. एक उधारीची, दुसरी कामाची. त्या वह्यांतून आम्ही जे शिकलो ते कोणत्याही कारागिराच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

अब्बांना दोन गोष्टींचे वेड होते, दातांचे आणि जुन्या विमानांचे. लोक हसत. दाताच्या डॉक्टरला विमानाशी काय घेणे? अब्बा म्हणत, "दोन्ही धंदे एकाच मेणातून निघाले आहेत." पुष्कळ वर्षे आम्हालाही ही थट्टाच वाटे. पुढे कळले की ते अक्षरशः खरे आहे.

सोनाराला आणि ओतारी भावांना हे लगेच समजेल. आधी मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा बसवायचा, भट्टीत तापवून मेण घालवायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. आपल्याकडे ही रीत शेकडो वर्षांची आहे. 1907 मध्ये टॅगर्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने याच रीतीने दातात बसणारे सोन्याचे भरीव तुकडे ओतायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बाइनची पाती बनवायची वेळ आली. ती धग सोसणारा धातू इतका कठीण की कानशीने किंवा यंत्राने कापणे परवडेना. तेव्हा अमेरिकेत दातांसाठी वापरला जाणारा व्हायटॅलियम नावाचा मिश्रधातू आणि दंतकामातील हीच मेणाची रीत उपयोगी पडली. आजही जेट इंजिनांची पाती मेण घालवूनच ओततात.

दुसरे नाते अ‍ॅक्रिलिकचे. कवळीचा गुलाबी भाग ज्या प्लॅस्टिकचा असतो, त्याच जातीच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या वैमानिकावर असे. युद्धात त्या छपराच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरल्या, पण डोळ्याने त्या सोसल्या. हे पाहून रिडले नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1949 मध्ये त्याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसविले. म्हणजे तोंडातली कवळी, विमानाचे छप्पर आणि डोळ्यातले भिंग ही एकाच घरची भावंडे. दात कोरणारे यंत्रही वाऱ्यावरच चालते. 1957 च्या सुमारास आलेले ते छोटे हत्यार दाबलेल्या हवेवर मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेते.

अब्बा मुंबईहून शिकून आले तेव्हा कवळी बनवायला बाहेरगावी पाठवावी लागे. त्यांनी दवाखान्यामागेच छोटी कार्यशाळा काढली. माप घेणे, प्लास्टर ओतणे, मेणात दात मांडणे, साचा दाबणे, पाण्यात शिजविणे, कानस मारणे, पॉलिश करणे ही सगळी कामे तिथेच होत. मदतीला एक कारागीर चाचा होते. ते मूळचे घड्याळ दुरुस्तीवाले. अब्बा सर्वांसमोर सांगत, "डॉक्टर मी असेन, पण उस्ताद हे आहेत." महिन्याचा पगार आधी चाचांचा निघे, मग घरखर्च.

फावल्या वेळात त्याच कार्यशाळेत लाकडी विमाने तयार होत. सुताराकडून सागवानाचे तुकडे येत, शिंप्याकडून कापड, आणि छपराला उरलेले पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. टायगर मॉथ हे त्यांचे आवडते विमान. 1931 मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाचे पंख लाकडाचे, त्यावर कापड शिवलेले आणि कापड ताणून घट्ट बसावे म्हणून वर रोगण मारलेले. अब्बा आम्हाला विचारीत, "सांगा, हे विमान कोणी बनवले?" आम्ही कंपनीचे नाव सांगितले की म्हणत, "नाही. सुताराने, शिंप्याने आणि रंगाऱ्याने." आपल्या मुलुखातल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली बंगळुरात तयार झालेले आणि 1951 मध्ये उडालेले एचटी-2 हे भारतीय बनावटीचे प्रशिक्षण विमान, त्याचेही चित्र खुर्चीसमोर लावलेले असे. दाढ काढताना घाबरलेल्या मुलांना अब्बा ते चित्र दाखवीत.

बारामतीला एमआयडीसीची धावपट्टी झाली तेव्हा अब्बांना ईदचा चांद दिसल्यासारखा आनंद झाला. इंदापूरहून बारामती सुमारे पन्नास किलोमीटर. सुटीच्या दिवशी ते आम्हाला स्कूटरवर बसवून नेत आणि कुंपणाबाहेर उभे राहून आकाश दाखवीत. पुढे तिथे वैमानिक घडविणारे शिक्षण सुरू झाले आणि दोन सीटांची सेसना 152 विमाने घिरट्या घालू लागली. या जातीचे विमान बनणे 1985 मध्येच थांबले. म्हणजे आज उडणारे प्रत्येक सेसना 152 चाळिशीच्या घरात पोचलेले किंवा तिच्याही पुढचे. आम्ही विचारले, "इतकी जुनी गाडी रस्त्यावर चालत नाही, हे हवेत कसे चालते?" अब्बांनी एका शब्दात उत्तर दिले, "वहीमुळे."

विमान किती तास उडाले, कोणता भाग कधी बदलला, कोणी तपासले, याची नोंद आणि खाली सही असल्याशिवाय ते पुन्हा उडत नाही. विमान विकले तरी वही त्याच्याबरोबर जाते. वही हरवली तर चांगल्या विमानाचीही किंमत पडते.

आमच्या हाती लागलेली दुसरी वही तशीच होती. प्रत्येक कवळीला क्रमांक, मापाची तारीख, कोणते साहित्य, कोणी घासली, कधी दुरुस्त केली. 1989 मधील एका नोंदीपुढे लाल शाईने लिहिले आहे : "डावीकडे टोचते. माप घाईत घेतले. दोष माझा. नवी करून दिली, पैसे नाहीत." अशा लाल नोंदी आम्ही मोजल्या. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या एकसष्ट भरल्या. चाचांच्या हातून चूक झाली असेल तिथेही "दोष माझा" असेच आहे. तो हात कोणाचा, हे शेजारच्या रकान्यावरून कळते.

25 जुलै 2022 रोजी बारामतीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. तालुकाभर विमानाचीच चर्चा. आम्हाला वाटले अब्बा विमानाबद्दल विचारतील. त्यांनी विचारले, "मुलगी कशी आहे?" शिकाऊ वैमानिक मुलीला किरकोळ दुखापत झाली आहे असे कळल्यावर त्यांनी पुन्हा चमचा हातात घेतला.

विमानाच्या आवडीत मुलाने बापाची आठवण कशी जपावी, याचे एक मोठे उदाहरण अब्बांच्या तोंडी असे. एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे हवाई दलात डकोटा चालवीत. त्यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर यांनी भंगारात जाऊ घातलेले एक डकोटा विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करविले आणि हवाई दलाला भेट दिले. 2018 मध्ये ते स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आले. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला पहिले सैनिक नेणाऱ्या डकोटाची आठवण म्हणून त्याला व्हीपी 905 हा क्रमांक मिळाला. ती बातमी वाचून अब्बा आम्हाला म्हणाले होते, "माझ्यासाठी विमान घेऊ नका. गाळा बंद पडू देऊ नका."

खरे सांगायचे तर आम्ही गाळा बंदच करणार होतो. आता माप संगणकावर घेतात, दात यंत्र कोरते. जुनी कार्यशाळा ठेवणे तोट्याचे होते आणि गाळ्याला गिऱ्हाईकही आले होते. त्याच आठवड्यात निमगावकडची एक म्हातारी रुमालात कवळी बांधून आली. "डॉक्टरसाहेब आहेत का?" आम्ही सांगितल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. कवळीला तडा गेला होता. क्रमांक काढून वही उघडली. 1994 चे काम. साहित्य, माप, सगळे लिहिलेले. चाचांनी, वय झाले असूनही, दुपारपर्यंत ती सांधून दिली. म्हातारीने पदराची गाठ सोडली तेव्हा आमच्या बहिणीने तिचा हात धरून गाठ पुन्हा बांधली.

त्या दिवशी गाळ्याचा सौदा आम्ही मोडला. बारामतीला भावाने नवे यंत्र बसविले आहे, त्यासाठी कर्जही काढावे लागले. इंदापूरची कार्यशाळा आठवड्यातून तीन दिवस उघडी असते. अजून हिशेब काठावरच आहे, हे लपवीत नाही.

उधारीच्या वहीबद्दलही सांगितले पाहिजे. तिच्यात पुष्कळ नावांवर रेघ मारून पुढे "मिळाले" असे लिहिले होते. आम्ही काही जणांना भेटलो तेव्हा कळले की त्यांनी पैसे दिलेच नव्हते. अब्बांनी ते परस्पर सोडले होते आणि आपल्या मागे मुलांनी दारात जाऊ नये म्हणून "मिळाले" लिहून ठेवले होते. कामाच्या वहीत स्वतःची एकही चूक न लपविणाऱ्या माणसाने दुसऱ्या वहीत ही एवढीच खोटी नोंद केली.

वाचक बंधूंनो, तुमचा धंदा शिवणाचा असो, फर्निचरचा असो की गॅरेजचा, एक वही कामाची ठेवा. काय बनवले, कशाचे बनवले, कोणी बनवले आणि कुठे चुकले ते लिहा. गिऱ्हाईक तीस वर्षांनी परत आले तर तीच तुमच्या वतीने बोलेल. आमच्या नव्या वहीत पहिली लाल नोंद गेल्याच महिन्यात पडली. थोरल्या भावाने लिहिले, "दोष माझा," आणि कवळी पुन्हा करायला घेतली.