कार्ट्रिज घेताय? आधी आर्म किती जड आहे ते विचारा

"चांगलं कार्ट्रिज कोणतं?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. धरमपेठ-गोकुळपेठेतल्या जुन्या घरांमधून एलपी पुन्हा कपाटाबाहेर येताहेत. वसंतराव देशपांडे नागपुरातच वाढलेले, त्यामुळे त्यांच्या नाट्यपदांची तबकडी बऱ्याच घरांत निघते. मग नवा टर्नटेबल येतो, आणि पाठोपाठ हा प्रश्न.

पण हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे "कोणत्या आर्मवर?" महागडं कार्ट्रिज चुकीच्या आर्मवर वाईट वाजतं, आणि साधं कार्ट्रिज योग्य आर्मवर छान वाजतं. यामागचं गणित दहावीच्या पलीकडचं नाही. एक खाच मात्र आहे, आणि ती नेमकी माझ्या पीएचडीच्या विषयात, म्हणजे रबरासारखे पदार्थ कंपनं कशी शोषतात यात, येऊन पडते.

आर्मला दोन उलटी कामं

सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते. ही दांडी कार्ट्रिजच्या आत रबराच्या छोट्याशा तुकड्यात बसवलेली असते. म्हणजे रबर ही स्प्रिंग, आणि कार्ट्रिज व आर्म मिळून त्या स्प्रिंगवरचं ओझं. स्प्रिंग आणि ओझं एकत्र आलं की त्यांची स्वतःची एक लय ठरते. बंगईसारखंच आहे हे. बंगई आपल्या लयीत हलत असताना त्याच लयीत जरासा धक्का दिला, तरी झोका वाढत जातो. यालाच रेझोनन्स म्हणतात.

आता आर्मकडून आपल्याला काय हवंय ते बघा. तबकडी वाकडी असेल, तर त्या सावकाश चढउतारांबरोबर आर्मने सुईसोबत वरखाली व्हावं. पण खाचेतल्या गाण्याच्या जलद थरथरीला आर्मने अजिबात दाद देऊ नये. तो स्थिर राहिला आणि फक्त सुई हलली, तरच त्या हालचालीतून सिग्नल तयार होतो. रेझोनन्सच्या खालच्या वारंवारतेला आर्म सुईच्या मागे जातो, वरच्या वारंवारतेला जागेवर राहतो. म्हणून ही सीमा योग्य जागी पडायला हवी.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साधारण ०.५५. तबकडीच्या वाकडेपणाचे हेलकावे तिथपासून पाच-सहा हर्ट्झपर्यंत जातात. आपल्याला ऐकू येतं ते सुमारे २० हर्ट्झपासून पुढे. या दोघांच्या मधली मोकळी जागा म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ. रेझोनन्स तिथे पडायला हवा.

सूत्र

वारंवारता = १५९ ÷ √(वस्तुमान × कम्प्लायन्स)

वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यायचं: आर्मचं इफेक्टिव्ह मास, अधिक कार्ट्रिजचं वजन, अधिक स्क्रूंचा एखादा ग्रॅम. कम्प्लायन्स म्हणजे रबर किती सहज दबतं त्याचा आकडा. तो कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात असतो.

इफेक्टिव्ह मास म्हणजे आर्म तराजूवर ठेवून येणारं वजन नव्हे. मागचं काउंटरवेट १०० ग्रॅमचं असलं, तरी ते खुंटीपासून जेमतेम ३ सेंटीमीटरवर असतं, आणि सुई २३ सेंटीमीटरवर. अंतराचा वर्ग लागतो, म्हणून सुईच्या दृष्टीने ते १०० ग्रॅम दोन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. उलट सुईजवळच्या हेडशेलचा ग्रॅम न् ग्रॅम मोजला जातो. म्हणून आर्म हलका-जड करायचा असेल, तर हेडशेल बदलणं हा सोपा मार्ग.

एक उदाहरण करून बघू. आर्म १२ ग्रॅमचा. ऑर्टोफॉन २एम रेडचं वजन ७.२ ग्रॅम, कम्प्लायन्स २०. स्क्रू धरून २० ग्रॅम. २० गुणिले २० म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०, आणि १५९ भागिले २० म्हणजे जवळपास ८ हर्ट्झ. बसतंय, पण अगदी काठावर.

आता २५ ग्रॅमच्या जुन्या जड आर्मवर ३५ कम्प्लायन्सचं, ७ ग्रॅमचं मऊ कार्ट्रिज लावा. उत्तर येतं पावणेपाच हर्ट्झ, म्हणजे थेट वाकडेपणाच्या हेलकाव्यांत. सुईचा दाब क्षणात वाढेल, क्षणात कमी होईल. दाब कमी झाला की सुई खाचेत नीट टेकत नाही, भिंतींवर आपटते, आणि झालेली इजा भरून येत नाही. कार्ट्रिज दुसरं मिळेल, पण तीच तबकडी मिळेलच असं नाही.

खाच इथे आहे

सूत्रात कम्प्लायन्स एक ठराविक आकडा असल्यासारखा दिसतो. रबराला मात्र हे मान्य नाही. रबर हळू दाबलं तर मऊ लागतं, झटक्यात दाबलं तर कडक. त्यामुळे आकडा कोणत्या वारंवारतेला मोजला, यावर तो बदलतो. अनेक जपानी कंपन्या तो १०० हर्ट्झला मोजून देतात, आणि आपल्याला हवा असतो १० हर्ट्झच्या आसपासचा.

डेनॉन डीएल-१०३ हे १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी तयार झालेलं कार्ट्रिज. वजन ८.५ ग्रॅम, कम्प्लायन्स ५, पण १०० हर्ट्झला. आपल्या १२ ग्रॅमच्या आर्मवर हा ५ जसाच्या तसा घातला, तर १५ हर्ट्झ येतात, आणि तुम्ही म्हणाल, "हे जमणार नाही." अंदाजासाठी अशा आकड्याला दीड ते दोनने गुणतात. तसं केलं की उत्तर ११ ते साडेबारा येतं. म्हणजे चाललं असतं! मात्र हा गुणक ठोकताळा आहे, प्रत्येक रबराचा वेगळा निघतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. रबर गरम झालं की आणखी मऊ होतं. माहितीपत्रकातले आकडे साधारण २० ते २५ अंशांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, आणि कूलर बंद असेल तर खोलीत ३५-४० सहज. समजा, त्या उकाड्यात कम्प्लायन्स २० वरून २४ झाला, तर मघाचे ८ हर्ट्झ ७.३ वर घसरतात. त्यात उन्हाळ्याने तबकड्याही वाकतात. दोन्ही अडचणी एकाच बाजूने येतात.

म्हणून माझं मत असं, की नागपूरसारख्या गावात ८ चा काठ धरू नका, १० ते १२ कडे झुका. थोडं वर गेलं तरी आपल्या संगीताचं फारसं बिघडत नाही. बायाँचा खर्जही २० हर्ट्झच्या बराच वर असतो. खाली गेलं, तर मात्र नुकसान तबकडीचं.

दुकानात जाण्याआधी

तीन आकडे लिहून घ्या: आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि कम्प्लायन्स. कम्प्लायन्सपुढे १० हर्ट्झ लिहिलंय की १०० हर्ट्झ, तेही बघा. मग गणित करा.

घरी आल्यावर एक सोपी तपासणी आहे. दोन गाण्यांमधल्या रिकाम्या खाचेत सुई असताना मोठ्या स्पीकरच्या पडद्याकडे बघा. आवाज नसतानाही तो सावकाश आतबाहेर डुलत असेल, तर हेलकावे सिग्नलमध्ये शिरलेत. आधी तबकडी सपाट आहे ना ते तपासा. सपाट तबकडीवरही डुलत असेल, तर जोडीचा हिशेब पुन्हा मांडा.

आणि आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील, तर हे सगळं जमवूनही एलपीची सुई त्यांवर ठेवू नका. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ ते २५ मायक्रोमीटर त्रिज्येचं असतं, ७८ ला सुमारे ७५ लागतं. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते. अनेक कार्ट्रिजना ७८ ची वेगळी सुई मिळते, ती घ्या.